कलकत्त्याची जुनी दफनभूमी

आमच्या वरच्या वर्गांत कालिदासाच्या शाकुंतलाचा विषय निघाला म्हणजे सर विल्यम जोन्स यांचे नाव सहजच निघते. १७८९ साली त्यांनी त्या नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि युरोपातील रसिकांस या रत्नाची ओळख करून दिली. एकदा हा भाग शिकविला जात असता एका चौकस विद्यार्थ्याने विचारले, "मग ते पुढे विलायतेस परत गेले का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर ऐकून सर्व वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. ते परत गेले नाहीत. प्रकृती बिघडल्यामुळे त्यांची पत्नी आधी स्वदेशी गेली होती. हाती घेतलेले काम पुरे करून आपणही मागोमाग जावे, असा त्यांचा बेत होता. तो सिद्धीस गेला नाही. १७९४ च्या एप्रिल महिन्यात, वयाची सत्तेचाळीस वर्षे झाली असता, कलकत्त्यासच त्यांचा अंत झाला. पार्क स्ट्रीटवरील जुन्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

त्या दिवसापासून ती जागा एकदा पाहावी असे आमच्या मनात होते. पुढे एका नाताळच्या सुटीत तो योग आला. आम्ही तेथे जे पाहिले, व त्याच्या मागचा जो इतिहास आहे, तो आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात निवेदन करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

आजच्या कोलकाता शहरातील गजबजलेल्या रस्त्यावरून फाटकाच्या आत पाऊल टाकले की एकाएकी कोलाहल मागे राहतो. दाट झाडी, ओलसर पायवाटा, आणि दोन्ही बाजूंस एकमेकांस खेटून उभ्या असलेल्या काळवंडलेल्या इमारती असा देखावा समोर येतो. आम्ही "इमारती" हा शब्द जाणूनबुजून योजला आहे. आपल्याकडील साध्या ख्रिस्ती दफनभूमीत एक क्रूस आणि एक शिळा पाहण्याची डोळ्यांस सवय असते. येथे मात्र कोठे चार पुरुष उंचीचा मनोरा आहे, कोठे मिसर देशातील पिरॅमिड आहे, तर कोठे खांबांवर घुमट तोललेला ग्रीक मंडप आहे. एखाद्या लहानशा नगरातून चालत आहोत, आणि त्यातील रहिवासी तेवढे दृष्टीस पडत नाहीत, असा भास होतो.

ही भूमी १७६७ साली उघडण्यात आली. तोपर्यंत इंग्रजांचे प्रेतसंस्कार शहराच्या मध्यभागी, पुढे जेथे सेंट जॉनचे देऊळ झाले, त्या आवारात होत असत. ते आवार भरून गेल्यामुळे वस्तीबाहेर, दलदल आणि झाडी यांच्या काठाशी ही नवी जागा घेण्यात आली. तिच्याकडे जाणाऱ्या मार्गास त्या काळी 'दफनभूमीचा रस्ता' असेच नाव होते. त्याच मार्गावर सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश सर एलिजा इंपे राहत असत. त्यांच्या बंगल्याभोवती हरिणांचे उपवन होते, त्यावरून पुढे 'पार्क स्ट्रीट' हे नाव रूढ झाले. आज त्या रस्त्यास मदर तेरेसांचे नाव आहे. पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. १८३० च्या सुमारापर्यंत येथे दफने होत राहिली, आणि सुमारे सोळाशे थडगी उभी राहिली.

यात ध्यानात घेण्याजोगी एक गोष्ट आहे. त्या काळी इंग्लंडात मृतांस देवळाच्या आवारातच पुरण्याची रीत होती. देवळापासून वेगळी, झाडांमधून वाटा काढलेली, भव्य स्मारकांची दफनभूमी ही कल्पना तेथे अजून रुजावयाची होती. पॅरिस शहरातील पेर लाशेज ही सुप्रसिद्ध दफनभूमी १८०४ साली उघडली, आणि लंडनची केन्सल ग्रीन १८३३ साली. म्हणजे कलकत्त्याची भूमी या दोहोंपेक्षा बरीच आधीची होय.

मग हा थाट आला कोठून? त्याचा एक धागा आपल्या परिचयाच्या सुरतेपर्यंत पोहोचतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, तेव्हा इंग्रजांची वखार ज्याने राखली तो सर जॉर्ज ऑक्झिंडन १६६९ साली सुरतेसच मरण पावला. त्याची व त्याच्या भावाची कबर तेथे आहे, ती दुमजली असून तिच्यावर घुमट आहे. मोगल उमरावांचे मकबरे पाहून या व्यापाऱ्यांस असे वाटले असावे, की ज्या देशात मोठेपणा मेल्यावरही दिसावा लागतो त्या देशात आपणही मागे राहू नये. डच व्यापाऱ्यांनीही तेथे तशाच टोलेजंग कबरी बांधल्या. पुढे कंपनीचे वैभव बंगालमध्ये गेले, आणि त्याबरोबर ही हौसही गेली. मात्र आता तिने मोगली पोशाख टाकून ग्रीक, रोमन व मिसरी पोशाख अंगावर घातला, कारण अठराव्या शतकातील सुशिक्षित इंग्रजांस या प्राचीन राष्ट्रांच्या शिल्पाचे विलक्षण वेड होते.

या पोशाखातील मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी स्तंभ. मिसर देशात असे स्तंभ सूर्यदेवाच्या मंदिरापुढे उभे करीत. जोन्स यांची समाधी या प्रकारची असून ती झाडांच्या शेंड्यांशी स्पर्धा करते. दुसरा प्रकार पिरॅमिडचा. १७७८ साली वारलेल्या एलिझाबेथ बारवेल या तरुण स्त्रीचे स्मारक त्याचे ठळक उदाहरण आहे. तिसरा प्रकार खांबांवर घुमट असलेल्या मंडपाचा. तो पाहताच आमच्यासारख्या महाराष्ट्रीयास 'छत्री' हाच शब्द सुचतो. ज्या १७९४ सालच्या एप्रिलात जोन्स वारले, त्याच सालच्या फेब्रुवारीत पुण्याजवळ वानवडीस महादजी शिंदे यांचे देहावसान झाले, आणि तेथे त्यांची छत्री आहे. दोन परस्परविरोधी दरबारांतील थोर पुरुषांवर मरणोत्तर छाया धरण्याची कल्पना इतकी सारखी असावी, हे मोठे नवल वाटते.

या भूमीत क्रूसाचे चिन्ह फारच थोड्या ठिकाणी आढळते. प्रथम आम्हांसही आश्चर्य वाटले. परंतु त्या काळच्या इंग्रज प्रॉटेस्टंट लोकांस थडग्यावरील क्रूस हा रोमन पंथाचा प्रकार वाटे, आणि शिष्टजनांची अभिरुची तर ग्रीक कलेकडे वळलेली होती. त्यामुळे क्रूसाच्या जागी वस्त्राने अर्धवट झाकलेला रक्षाकलश दिसतो. गंमत अशी की रक्षाकलश हे दहनाचे चिन्ह आहे, आणि येथे तर एकही देह दहन केलेला नाही! कलेची लाट आली म्हणजे माणसे अर्थाचा विचार न करता चिन्हे कशी उचलतात, याचा हा एक बोलका दाखला आहे.

आता या भव्यतेच्या आत काय आहे ते पाहू. बंगाल ही गाळाची भूमी आहे. तेथे कोसच्या कोस खणले तरी बांधकामाचा दगड हाती लागत नाही. शहराचा संस्थापक म्हणून ज्याचे नाव सांगत असत त्या जॉब चार्नॉकच्या कबरीवरील शिळा मद्रासेजवळून आणावी लागली होती. पुढे भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या जातीच्या खडकास त्याच्याच नावावरून 'चार्नॉकाइट' हे नाव दिले. असा दगड सर्वांस कोठून मिळणार? म्हणून पार्क स्ट्रीटवरील बहुतेक स्मारके विटांची आहेत. देशी गवंड्यांनी विटा रचल्या, वर चुन्याचा गुळगुळीत गिलावा घोटला, आणि दुरून पाहणाऱ्यास संगमरवराचा भास होईल अशी सफाई आणली. खरा दगड असतो तो फक्त नावाच्या पाटीपुरता. तेव्हा पिरॅमिड मिसरचा, घुमट रोमचा, पण हात मात्र बंगालच्या गवंड्याचा. आणि त्याचे नाव कोठेही कोरलेले नाही.

गिलावा हे बांधकामाचे वस्त्र आहे, आणि ते वरचेवर नवे करावे लागते. दुर्लक्ष झाले की चुना फुगतो, भेगांत पाणी शिरते, पक्षी पिंपळाचे बी टाकतात, आणि त्या बीजाचे कोवळे मूळ विटांस पाचरीप्रमाणे दूर सारते. आम्ही असे एक थडगे पाहिले, की ज्यास आता झाडानेच कवटाळून उभे धरले आहे. झाड तोडावे तर थडगे ढासळावयाचे, आणि ठेवावे तर ते त्यास हळूहळू गिळावयाचे.

पाट्या वाचू लागलो, तेव्हा मात्र शिल्पाचा विचार मागे पडला. नावाखाली वय लिहिलेले असते, आणि ते वाचून मन चरकते. वीस वर्षे, तेवीस वर्षे, काही महिने. म्हातारपण गाठलेला मनुष्य येथे विरळाच. त्याहून पूर्वी मुंबईच्या इंग्रजांत अशी म्हण पडली होती, की येथे माणसाचे आयुष्य म्हणजे दोन पावसाळे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने ती नमूद केली आहे. कलकत्त्यासही ती लागू पडे.

शालेय इतिहासातून एक उदाहरण घ्या. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टान्वये वॉरन हेस्टिंग्जच्या जोडीस चार सभासदांचे कौन्सिल नेमले गेले. त्यांपैकी क्लॅव्हरिंग, मॉन्सन व फ्रान्सिस हे तिघे १७७४ च्या ऑक्टोबरात विलायतेहून येऊन उतरले. मुंबईकरांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह याच कौन्सिलाने नामंजूर केला, कर्नल अप्टन यास पुण्यास पाठविले, आणि १७७६ च्या मार्चात पुरंदरचा तह झाला. मराठ्यांच्या राज्याचे भवितव्य ठरवू पाहणाऱ्या या गृहस्थांचे स्वतःचे भवितव्य काय झाले? मॉन्सन १७७६ सालीच वारला. त्याची पत्नी त्याच वर्षी त्याच्या आधी गेली होती. क्लॅव्हरिंग १७७७ मध्ये गेला. चौथा सभासद बारवेल. वर उल्लेखिलेला पिरॅमिड त्याच्याच पत्नीचा. कौन्सिलाच्या मेजाभोवती हाडवैराने भांडलेली ही घराणी अशा रीतीने थोड्या वर्षांत या एका भूमीत येऊन पोहोचली.

हे मृत्यू ज्या रोगांनी येत, त्यांत पटकी, हिवताप व अतिसार हे मुख्य होते. वैद्य दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेस दोष देत. खरे कारण ठाऊक नसल्यामुळे उपायही सापडत नव्हता. नियतीचा योग असा, की ते कारण पुढे याच शहरात शोधले गेले. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८४ साली येथील तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले. आणि रोनाल्ड रॉस याने १८९८ साली येथेच पक्ष्यांवर प्रयोग करून, हिवताप डासांच्या दंशाने पसरतो हे सिद्ध केले. आज आपण पाणी उकळून पितो, डबकी बुजवितो, त्याची किंमत या पाट्यांवरील आकड्यांत वाचावयास मिळते.

रोझ एल्मर ही मुलगी १८०० साली, अवघ्या विसाव्या वर्षी येथे मरण पावली. पिळदार, निमुळत्या आकाराचे तिचे स्मारक अजून उभे आहे. वॉल्टर सॅव्हेज लँडर या इंग्रज कवीचा तिच्याशी परिचय होता. त्याने तिच्या मृत्यूवर एक छोटी कविता लिहिली, ती इंग्रजी काव्यात अमर झाली. पुढे चार्ल्स डिकन्स या कादंबरीकाराने आपल्या एका मुलाचे नाव त्याच कवीवरून वॉल्टर लँडर असे ठेवले. हा मुलगा फौजेत अधिकारी होऊन हिंदुस्थानात आला, आणि १८६३ च्या डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी, बावीस वर्षांचा असता, कलकत्त्यासच वारला. त्यास भवानीपूरच्या दफनभूमीत पुरले होते. परंतु १९८७ साली त्याची स्मृतिशिळा पार्क स्ट्रीटच्या भूमीत आणण्यात आली. यात जादवपूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा पुढाकार होता. ज्या कवीने एका मुलीसाठी शोक केला, त्याचेच नाव धारण करणाऱ्या तरुणाची शिळा अशा रीतीने तिच्या शेजारास आली.

मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्ट याचे थडगे सर्वांहून निराळे आहे. हिंदू चालीरीतींवर त्याची इतकी प्रीती होती, की लोक त्यास 'हिंदू स्टुअर्ट' म्हणत. तो १८२८ साली वारला. त्याच्या थडग्याचा आकार हिंदू देवळासारखा असून दारावर कोरीव काम आहे. सभोवार ग्रीस आणि रोम यांची गर्दी असता हे एकच थडगे ज्या भूमीवर उभे आहे तिच्या भाषेत बोलते.

येथे आमच्या मनास एक विचार शिवला, तो लपवून ठेवणे बरे नव्हे. ही भूमी उघडल्यास तीनच वर्षे झाली असता, १७७० साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. प्रांतातील लोकसंख्येचा तिसरा हिस्सा नाहीसा झाला असावा, असा अंदाज खुद्द हेस्टिंग्जने १७७२ साली विलायतेस कळविला. पिके बुडाली असताही कंपनीची साराबंदी कडकपणे चालू होती. त्या लक्षावधी शेतकऱ्यांची आणि विणकरांची एकही पाटी कोठे नाही. येथील पिरॅमिडांस लागलेला पैसा त्यांच्याच घामातून आला होता, हे ध्यानी धरूनच या भूमीचे सौंदर्य पाहिले पाहिजे. ज्यांस थडगे मिळाले त्यांचे दुःख खोटे नव्हते; आईने तान्ह्या बाळाच्या पाटीवर ढाळलेले अश्रू कोणत्याही देशात खारटच असतात. पण ज्यांस थडगे मिळाले नाही त्यांचे दुःख लहान होते असे मात्र नव्हे.

त्या दुष्काळाचा धडा घेणारा एक मनुष्य याच भूमीत पुरला आहे. कर्नल रॉबर्ट किड याने १७८६ साली सरकारास असे सुचविले, की हुगळीच्या तीरावर एक वनस्पतिउद्यान करावे आणि दुष्काळात अन्न पुरवू शकतील असे साबुदाण्याचे ताड इत्यादी वृक्ष परदेशाहून आणून लावावेत. पुढील वर्षी शिबपूर येथे ते उद्यान निघाले. किड १७९३ साली वारला. अवाढव्य वडामुळे प्रसिद्ध असलेले ते उद्यान आजही आहे.

आणखी एक थडगे आम्हांस शिक्षक या नात्याने विशेष जवळचे वाटले. हेन्री डेरोझिओ हे हिंदू कॉलेजातील शिक्षक पोर्तुगीज-हिंदी वंशाचे होते. 'विचार करा, प्रश्न विचारा' असे ते विद्यार्थ्यांस शिकवीत. ही शिकवण अनेकांस न रुचून १८३१ साली त्यांस कॉलेज सोडावे लागले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पटकीने त्यांस नेले. तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. त्यांनी मोठा मनोरा मागे ठेवला नाही. पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी बंगालच्या नवजागृतीत जे काम केले, त्यावर त्यांचे नाव कोरलेले आहे.

रस्त्याच्या पलीकडे, उत्तरेस, याच काळातील दुसरी दफनभूमी होती. कादंबरीकार ठाकरे याचे वडील तेथे पुरले होते. १९५३ साली ती मोडण्यात आली, आणि आज तिचे जवळजवळ काहीच उरलेले नाही. दक्षिणेकडील ही भूमीही त्याच वाटेने जाण्याचा संभव होता. झाडे माजली होती, पाट्या चोरीस जात होत्या. परंतु शहरातील काही लोकांनी, आणि १९७६ साली लंडन येथे याच कामासाठी स्थापन झालेल्या मंडळाने, लक्ष घालून दुरुस्ती केली. आज कोलकात्याचे ख्रिस्ती दफन मंडळ तिची व्यवस्था पाहते. सत्यजित राय यांनी आपल्या फेलूदा या गुप्तहेराची एक कथा याच थडग्यांमध्ये घडविली आहे, त्यामुळे बंगाली मुलांस ही जागा चांगली परिचित आहे.

आम्ही फाटकाबाहेर पडण्यापूर्वी एक माळी जोन्स यांच्या समाधीपाशी वाळलेली पाने झाडीत होता. त्यास शाकुंतलाची वार्ता होती की नाही हे आम्ही विचारले नाही. पण त्या उंच स्तंभाचे रक्षण त्याच्या केरसुणीने आणि गवंड्याच्या थापीनेच होत आहे, हे आम्हांस स्पष्ट दिसले. विटा आणि चुना यांच्या अंगी स्मरणशक्ती नसते; ती जिवंत माणसांनी पुरवावी लागते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावीही एखादी पडकी छत्री, एखादी समाधी, एखादा विस्मृत दर्गा किंवा जुनी दफनभूमी असेलच. पुढील सुटीत तेथे जा. भिंतीवर आपले नाव कोळशाने लिहू नका. तेथे कोणाचे नाव आहे ते वाचा, त्याचे वय किती होते ते पाहा, आणि घरी येऊन आजोबांस त्याची माहिती विचारा. आणि ज्याचे नाव कोठेच कोरलेले नाही असा, ती छत्री बांधणारा गवंडी कोण असेल, याचाही थोडा विचार करा. एवढे केलेत, तर त्या एका दुपारी इतिहासाच्या चार तासांपेक्षा अधिक शिकाल, अशी आमची खात्री आहे.